फोनवरची सोबत

"तू नुसती पडून राहा, बाकी आम्ही बघतो." खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी अक्काला हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकावे लागे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन हे सगळे पार पाडून ती घरी आली होती. कळशी उचलायची नाही, परसात जायचे नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. मायेपोटी आम्ही तिला अंथरुणालाच बांधून टाकले. त्यात सर्वांत पुढे मीच.

तीन महिन्यांत वजन वाढले, खांदा आखडला आणि थकवा काही हटेना. "दुखणं गेलं म्हणतात, पण मी कुठं बरी झाले?" असे ती एकदा म्हणाली, तेव्हा मी निरुत्तर झालो.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंशी गाठ घालून दिली. दर आठवड्याला बसने बेळगावला येणे जमणारे नव्हते, म्हणून बुधवारी संध्याकाळी फोन ठरला. पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटे अंगणात चालणे आणि भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे. हात पोचेल तिथे खडूने खूण करायची, रोजची नोंद वहीत ठेवायची. भात बंद करायला बाईंनी सांगितले नाही. ताटातला भात थोडा कमी करून उसळ आणि भाजी वाढवायला सांगितली.

हा प्रकार नवा नाही. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ६४१ जणांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे ६५ वर्षांवरचे, वजन जास्त असलेले आणि कर्करोगातून उठून पाच वर्षे उलटलेले. वर्षभर फोनवरून आणि टपालाने व्यायाम-आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्यांची हिंडण्याफिरण्याची ताकद इतरांपेक्षा कमी घटली. आजाराच्या थकव्यावर आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम उपयोगी पडतो, असे २०१९ मध्ये तज्ज्ञांनीही नमूद केले.

अर्थात फोन म्हणजे डॉक्टर नव्हे. हाताला सूज, नवी गाठ, ताप किंवा धाप लागणे यांपैकी काही दिसले, तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना गाठावा. केमोथेरपीनंतर हाडे किंवा हृदय कमजोर असेल, तर व्यायाम किती करायचा हे डॉक्टरांनाच विचारावे.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला एवढेच विचारा: "आता घरी काय करायचे, आणि फोनवर कोण सांगेल?" विचारल्याशिवाय हे सहसा कोणी सांगत नाही.

अक्काची खडूची खूण आता कोनाड्याच्या वर गेली आहे. परवा ती चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती. मी उठणार, इतक्यात तिने डोळे वटारले. मी मुकाट्याने ताट घेऊन बसलो.