‘आरोपी नंबर दोन’ची झोप

गेल्या पावसाळ्यात बदनापूरकडच्या एका खेड्यातून एक आई आपल्या २४ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “डॉक्टरसाहेब, याला झोप नाही, पित्त सारखं उसळतं. ताकदीचं औषध द्या.” इतके दिवस कुठे होता, असे मी मुलाला विचारले, तर उत्तर आईनेच दिले, “पुण्याला, कंपनीत.”

तपासणीत विशेष काही आढळले नाही. आई औषध आणायला गेली तेव्हा मुलगा बोलला. बांधावरच्या भांडणात चुलत्याचे डोके फुटले होते. अकरा महिने तो कच्चा कैदी म्हणून आत होता, आता जामिनावर सुटला होता. त्या दिवशी काय झाले, असे विचारले तर म्हणाला, “आरोपी नंबर एक व दोन यांनी संगनमत करून फिर्यादीस काठीने मारहाण केली.” आरोपी नंबर दोन म्हणजे तो स्वतः!

वाचकहो, देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस दर चार कैद्यांमागे तीन जण असेच, खटल्याचा निकाल न लागलेले होते. विशी-पंचविशी हे ‘मी कोण’ हे ठरण्याचे वय. त्या वयात रोजची गिनती आणि कोर्टाची तारीख. आत रडणारा दुबळा ठरतो, म्हणून तिथे बढाईची गोष्ट सांगायची; बाहेर आल्यावर घरचे पुण्याच्या कंपनीची गोष्ट पढवतात. स्वतःची अशी गोष्ट उरत नाही. उरते ते पहाटे दचकून उठणे, दाराकडे तोंड करून बसणे आणि भराभर जेवणे.

शॅड मरुना या संशोधकाने इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या जीवनकहाण्या ऐकल्या. २००१ साली त्यांचे पुस्तक आले. सुधारलेले सांगत, मी मुळात वाईट नव्हतो, आता कुणाच्या तरी उपयोगी पडायचे आहे. न सुधारलेले सांगत, आपल्या हातात काहीच नव्हते. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. ते सत्याग्रही होते, या मुलाशी तुलना नाही. पण तुरुंगात बसून त्यांनी गोष्ट सांगितली ती एका आईच्या लेकराची.

मी त्याला झोपेची गोळी दिली नाही. दर बुधवारी शेवटी यायला सांगितले. अट एकच, ‘आरोपी’ न म्हणता ‘मी’ म्हणायचे. तीन बुधवार तो नुसता बसून गेला. चौथ्या वेळी म्हणाला, “काका पडले तेव्हा पाणी आणायला मीच पळालो होतो. हे कागदात कुठंच नाही.” मग बराच वेळ रडला.

सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात. मुलगा अगदी गप्प झाला, ‘जगून काय करू’ म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

परवा आई एकटीच आली होती. मुलगी बघायला जायचे आहे, पुण्याचे सांगू की खरे सांगू, असे विचारत होती. मी म्हटले, त्यालाच विचारा. “विचारलं,” ती म्हणाली, “मी सांगतो म्हणाला.” झोप मात्र अजून पाचच तास लागते.