मुलांचे दात आणि पांढरा डाग

मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास त्याच्या तोंडात एक घटना घडते आणि ती बहुधा घरात कोणाच्याच ध्यानात येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, वर दोन व खाली दोन, अशा चार नव्या दाढा येतात. पुढचा दात हलू लागला म्हणजे मूल तो साऱ्या आळीला दाखवीत हिंडते; ही दाढ मात्र कोणत्याच दाताची जागा घेत नसल्यामुळे गालाआड निमूटपणे वर येते. घरची माणसे तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तर ‘पडायचीच आहे’ म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः ती कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

बेंगळूर येथे शासकीय दंत महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. पुढे त्या शहरात अशी आणखी महाविद्यालये निघाली, आणि शाळांतून मुलांच्या दातांची पाहणी होऊ लागली. पाहणीच्या वेळी आईबाप बहुतेक एकच गोष्ट सांगतात: ‘त्याचे दात दुखत नाहीत.’ परंतु दुखणे ही दंतरोगाची सुरुवात नव्हे. कीड दाताच्या गाभ्यातील मज्जातंतूंच्या जवळ पोचली म्हणजे ठणका लागतो. तोपर्यंत रोगाची मजल बरीच पुढे गेलेली असते.

सुरुवात होते ती दाताच्या वरच्या कठीण कवचात, म्हणजे दंतवल्कात. दातांवर साचलेल्या चिकट थरातील सूक्ष्म जंतू साखरेपासून अम्ल तयार करतात. त्या अम्लाने दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळतात. पुढे लाळेतून ते क्षार थोडेबहुत परतही येतात. ही देवघेव दिवसभर चालू असते. गोड खाणे वारंवार होऊ लागले म्हणजे जमेपेक्षा खर्च वाढतो आणि दंतवल्क आतून सच्छिद्र बनते. नवल असे की, या अवस्थेत त्याचा वरचा पापुद्रा बहुतांशी शाबूत असतो. दिसतो तो केवळ खडूसारखा निस्तेज पांढरा डाग.

हा डाग ओल्या दातावर सहसा दिसत नाही. छिद्रांत पाणी भरले असता प्रकाश त्यांतून फारसा न विखुरता जातो. तेथे हवा शिरली की तो विखुरतो आणि डाग उमटतो. म्हणून दंतवैद्य दातावर सुमारे पाच सेकंद हवेचा झोत सोडून पाहतात. जो डाग दात वाळवल्यावरच दिसतो तो अगदी आरंभीचा. जो ओल्या दातावरही दिसतो तो अधिक खोल. पूर्वी कीड शोधण्यासाठी अणकुचीदार सळई दातावर रोवून पाहात. परंतु शाबूत पापुद्रा त्या टोचणीनेच फुटू शकतो, म्हणून आता टोकाला बारीक गोळी असलेली सळई हलक्या हाताने फिरवतात. पापुद्रा फुटला नसेल तोवर नीट घासणे, फ्लोराइडयुक्त पेस्ट वा लेप आणि गोडावर आळा एवढ्याने रोग थांबतो, कधी मागेही हटतो. खड्डा पडला की तो भरण्यावाचून बहुधा गत्यंतर उरत नाही.

घरीही ही पाहणी करता येते. मूल मांडीवर निजवावे, उजेड तोंडावर पडू द्यावा, वरचा ओठ उचलावा आणि हिरडीलगतची जागा स्वच्छ कपड्याने पुसून पाहावी. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात; खालचे पुढचे दात जीभ व लाळ यांच्या आश्रयाने बरेच दिवस वाचतात. रंगावर मात्र फार विसंबू नये. काळा पण कठीण व गुळगुळीत डाग पुष्कळदा थांबलेल्या किडीचा असतो.

मोजणीचा हिशेब निराळाच आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, तर बारा वर्षांच्यांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षण-पद्धतीत नुसता पांढरा डाग असलेला दात निरोगी धरतात. देशाची स्थिती कळण्यास ते ठीक. एका मुलाचा दात वाचविण्यास ते पुरेसे नाही.

बेंगळूरच्या परिसरात या कामात आणखी एक अडचण येते. शहरास १९७४ पासून कावेरीचे पाणी मिळू लागले, तरी अनेक वस्त्या कूपनलिकांचे पाणी वापरीत आल्या आहेत; आणि शेजारच्या कोलार व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांत भूजलातील फ्लोराइड अनेक ठिकाणी लिटरमागे दीड मिलिग्रॅम या मर्यादेबाहेर जाते. दात घडत असता फ्लोराइड फार पोटात गेले तर त्यांवरही पांढरे डाग पडतात. जे द्रव्य पेस्टमध्ये दात राखते तेच पाण्यात अति झाले की दात विद्रूप करते! हे डाग उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर सारखे, आडव्या रेघांचे वा ढगांसारखे पसरलेले असतात. किडीचा डाग हिरडीच्या काठाने किंवा दाढेच्या खाचेत, जेथे घाण साचते तेथे असतो. एकाच तोंडात दोन्ही असू शकतात. अशा वेळी जाणता परीक्षक आरसा बाजूला ठेवतो आणि आईला विचारतो, ‘पहिली काही वर्षे हे मूल कोणत्या गावी होते, आणि तेथे पाणी कुठले पीत होते?’