यंत्रानुवादातील 'आम्ही' आणि 'आपण'

अनुवादाच्या चर्चेत शब्दार्थाला मध्यवर्ती स्थान दिले जाते. मोबाइलवरील संदेशांच्या यंत्रानुवादात मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील नाते हाच कळीचा प्रश्न ठरतो.

१९५४ साली न्यूयॉर्क येथे यंत्रानुवादाचा पहिला जाहीर प्रयोग झाला. रशियन वाक्ये इंग्रजीत आणणाऱ्या त्या यंत्रापाशी २५० शब्द आणि ६ नियम होते. नियमांची जागा पुढे संख्याशास्त्रीय पद्धतीने घेतली, आणि २०१७ साली गूगलच्या अनुवादसेवेत मराठीसाठी न्यूरल पद्धती आली. या पद्धतीत यंत्र विपुल अनूदित मजकुरावरून शिकते आणि संदर्भानुसार सर्वाधिक संभाव्य पर्याय निवडते. लघुसंदेशात नेमका संदर्भच तोकडा असतो. देवनागरीतील एका लघुसंदेशाची मर्यादा अवघी ७० खुणांची आहे. उरलेला संदर्भ दोन व्यक्तींच्या सहवासात असतो, मजकुरात नव्हे.

या दृष्टीने मराठी सर्वनामे उद्‌बोधक आहेत. 'आम्ही उद्या जाणार आहोत' यात ऐकणारा वगळलेला आहे; 'आपण उद्या जाणार आहोत' यात तो समाविष्ट आहे. तमिळमध्ये हाच भेद अनुक्रमे 'नांगळ्' आणि 'नाम्' या सर्वनामांनी दर्शविला जातो. म्हणजे मराठीतून तमिळमध्ये जाताना येथे मुळात अडचण नाही. परंतु या दोन भाषांमधील थेट समांतर मजकूर अपुरा असल्याने अनेक प्रणालींत इंग्रजीला मध्यस्थ केले जाते. इंग्रजीतील 'वी' दोन्ही अर्थ सामावून घेतो. भेद तेथे पुसला जातो आणि तमिळमध्ये उतरताना यंत्राला अंदाजाने निवड करावी लागते. पुण्याहून निघालेले 'आम्ही' चेन्नईत 'आपण' होऊन पोहोचले, तर न दिलेले आमंत्रण दिले जाते. याच्या उलट घडले, तर दिलेले आमंत्रण नाहीसे होते. दोन्ही वेळा वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

मराठीत 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुषीही असल्याने गुंतागुंत वाढते. इंग्रजी 'यू'साठी तू, तुम्ही की आपण, आणि 'आय ॲम कमिंग'साठी 'येतो' की 'येते', हेही मूळ वाक्यावरून ठरत नाही.

तात्पर्य, हा दोष केवळ शब्दसंग्रह वाढवून दूर होणारा नाही. भारतीय भाषांमधील थेट अनुवादित संवादांचा संग्रह आणि त्यांतील नात्यांची व्याकरणिक नोंद यांची त्यासाठी आवश्यकता आहे. व्याकरणाच्या तासाला सर्वनामांचा जो भेद उपचारापुरता शिकविला जातो, त्याचे व्यावहारिक मोल येथे स्पष्ट होते.