वेणगावातून घराकडे

रस्त्यावर भरकटणाऱ्या बेवारस मनोरुग्णाला नाव-गाव असते. ते त्याच्याकडून कळायला आधी उपचार लागतात. कर्जतजवळच्या वेणगावात हेच काम चालते. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन स्थापन केले. करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला होता. उपचारानंतर कळले, तो चांगला शिकलेला होता! डॉ. भरत यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

असे अनेक रुग्ण स्किझोफ्रेनियाचे असतात. या आजारात मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य बिघडते. भास होतात, संशय बळावतो. औषधे डोपामिनचा जोर रोखतात. त्यांपैकी पहिले, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिले गेले.

पण नुसत्या गोळ्यांनी भागते का?

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत एकाच पद्धतीने रुग्ण तपासले. आपल्याकडून आग्रा होते. आग्रा आणि नायजेरियातील इबादान इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक सावरले. कुटुंबाचा आधार हे त्यामागचे एक कारण मानले गेले, त्यावर वादही झाले.

वेणगावात बरे वाटू लागलेल्या रुग्णाला कार्यकर्ते त्याच्या घरी पोहोचवतात. पुढे औषधे चालू ठेवणे घरच्यांच्या हाती. घरात कुणाला असा त्रास असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.