स्क्रीन रीडरचा आवाज कमी-जास्त का होतो?



नाशिकच्या आमच्या शाळेत संगणकाच्या तासाला गोंगाट वाढला की आम्ही सरसकट सगळे स्पीकर म्यूट करायचो. वर्गातली एक दृष्टिहीन विद्यार्थिनी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर काम करते. स्पीकर बंद म्हणजे तिचा पडदाच बंद, हे फार उशिरा लक्षात आलं. आता तिला हेडफोन दिलाय.

तरी तिची एक तक्रार राहिली. "सर, धड्याचा व्हिडिओ चालू असताना मी बाण दाबला की तुमचा आवाज बारीक होतो." स्पीकर ठीक होता. एनव्हीडीएमध्ये ऑडिओ डकिंग नावाची सोय आहे. स्क्रीन रीडर बोलू लागला की ती बाकीचे आवाज दाबते. इन्सर्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबत गेलं की तिचे पर्याय बदलतात, त्यात 'बंद' हाही एक आहे. (पेनड्राइव्हवरून चालवलेल्या एनव्हीडीएत ही सोय नसते.)

याच्या उलटही होतं. ऑनलाइन तासाचा कॉल लागतो आणि स्क्रीन रीडरच पुटपुटायला लागतो. कॉल चालू आहे असं कळलं की विंडोज इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं. मुळात सेटिंगच तसं असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, तिथे कम्युनिकेशन्स, आणि 'डू नथिंग' निवडा.

एनव्हीडीए अगदीच गप्प झाला, तर बहुतेक इन्सर्ट आणि एस चुकून दाबलं गेलेलं असतं. तेच पुन्हा, बोलेपर्यंत दाबा. नाहीच बोलला तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर सुरू करा. त्याच्या आधाराने मूल स्वतः व्हॉल्यूम मिक्सरपर्यंत पोहोचतं. तिथे प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो. माउस हातात घेऊन आपणच दुरुस्त करायची घाई मलाही होते, पण तेवढं टाळा.