पुन्हा मोजा, पण केव्हापर्यंत?

मतदान केंद्राध्यक्षाचे काम ज्याच्या वाट्याला कधी आले नाही, त्याला एका मताची किंमत कळावयाची नाही. काही वर्षांपूर्वी आम्हा प्राध्यापक मंडळींना निवडणुकीचे हुकूम आले आणि एका शाळेच्या वर्गात माझी नेमणूक झाली. संध्याकाळी यंत्रावरचे ‘टोटल’चे बटण दाबले, तो आकडा आला ६१२. नोंदवहीत सह्या मात्र ६१३! चौघांनी चार वेळा सह्या मोजल्या. बाहेर मोटार ताटकळत उभी. दारातला पोलीस जांभया देत होता. अखेर आमच्यातल्या एका बाईंना आठवले, की एक आजीबाई सही करून, बोटाला शाई लावून घेऊन, गर्दीला वैतागून तशाच घरी निघून गेल्या होत्या. तशी नोंद केली तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

एका वर्गातल्या एका मताची ही कथा. मग अख्ख्या राज्याची मते पुन्हा मोजा म्हटल्यावर मोजणाऱ्यांचे काय होत असेल? हा प्रश्न मला पडला तो ॲरिझोनामुळे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला हे वाळवंटी राज्य आहे आणि माझा भाचा तेथे फीनिक्स शहरात राहतो. २०२४ च्या निवडणुकीत त्याच्या हाती आलेली मतपत्रिका दोन कागदांची, चारही बाजूंनी भरलेली होती. राष्ट्राध्यक्षापासून शाळा-मंडळापर्यंत सारे त्यात. शिवाय अमुक न्यायाधीशांना ठेवावे की नाही, अमुक कायदा हवा की नको, हेही मतदारालाच विचारलेले. “मामा, ही प्रश्नपत्रिकाच आहे,” तो फोनवर म्हणाला, “फक्त नापास कोणी होत नाही!”

आपल्यासारखा सर्व देशाची निवडणूक चालवणारा एकच आयोग तेथे नाही. ॲरिझोनात १५ कौंटी आहेत. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याची चुलत बहीण म्हणा. मतपत्रिका छापणे, पाठवणे, सह्या ताडून पाहणे, मोजणे, हे सारे त्या त्या कौंटीच्या कचेरीतील माणसांनी करावयाचे. मॅरिकोपा कौंटीत २०२४ साली वीस लाखांहून अधिक मते पडली, तर ग्रीनली कौंटीची सारी लोकवस्तीच दहा हजारांच्या आत. कायदा दोघींना एकच.

आता मूळ गोष्ट. २०२० मध्ये बायडन यांनी हे राज्य १०,४५७ मतांनी जिंकले आणि संशयाचे काहूर उठले. पूर्वीच्या नियमाप्रमाणे राज्यव्यापी पदासाठी दोघांतील अंतर एकदशांश टक्का किंवा २०० मते, यांतील जे कमी असेल त्याच्या आत आले, तरच आपोआप फेरमोजणी होई. म्हणजे जवळजवळ कधीच नाही. २०२२ मध्ये विधिमंडळाने ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर नेली. लोकांचा विश्वास बसावा हा हेतू सांगितला गेला, आणि तो वाईट होता असे कोण म्हणेल?

नव्या नियमाची परीक्षा त्याच वर्षी झाली. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या जागेसाठी क्रिस मेयस पहिल्या मोजणीत ५११ मतांनी पुढे होत्या. फेरमोजणीत हे अंतर २८० वर आले! पिनाल कौंटीत सुमारे ५०० मते पहिल्या खेपेस सुटली होती. दोष यंत्राचा नव्हे, माणसांच्या हातून झालेल्या चुकांचा. निकाल फिरला नाही, पण जुना नियम असता तर या चुका कोणाला दिसल्याच नसत्या. तेव्हा फेरमोजणी म्हणजे नुसता उपद्व्याप, असे मी तरी म्हणणार नाही. कौंटीचे अधिकारीही तसे म्हणत नव्हते.

त्यांचे दुखणे निराळेच होते. तो निकाल लागला २९ डिसेंबरला. आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने नवा कायदा केला, की राष्ट्राध्यक्षाची निवड करणारे निर्वाचक ज्या दिवशी जमतात, त्याच्या सहा दिवस आधी प्रत्येक राज्याने आपला निकाल पक्का करावा. २०२४ साठी ही तारीख येत होती ११ डिसेंबर. घरातल्या मुलालाही ही वजाबाकी जमेल: निकाल मागच्या खेपेच्याच तारखेला लागला, तर अठरा दिवस उशीर! आधी कौंटीने आपले आकडे पक्के करावयाचे, मग राज्याने, मग न्यायालयाचा हुकूम, मग यंत्रांची तपासणी, मग पुन्हा मोजणी. कोणती पायरी गाळावयाची? २०२० चे अंतरही नव्या मर्यादेच्या आतच पडले असते, म्हणजे ही भीती हवेतली नव्हती. आणि मुदत टळली, तर साऱ्या राज्याच्या मतांवरच वाद उभा राहावयाचा.

इकडे काही मंडळी यंत्रेच नकोत, हाताने मोजा, असा धोशा लावून बसली होती. मोहावे कौंटीने २०२३ मध्ये खरोखरच करून पाहिले. ८५० मतपत्रिका, तीन दिवस, आणि चुका ४६. कोणी भरभर वाचले, कोणाच्या रेघा लागेनात, कोणी कंटाळले. (उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल नाही; चाळिसाव्या पेपरानंतर बेरजा बिघडू लागतात.) एक लाख पाच हजार मतपत्रिकांना सात जणांच्या एका तुकडीला ६५७ दिवस लागतील, असा हिशेब तेथील निवडणूक संचालकांनी मांडला. पर्यवेक्षक मंडळाने तो बेत तीन विरुद्ध दोन मतांनी सोडला.

दिवसांचा प्रश्न मात्र उरलाच. कौंटीचे अधिकारी महिनोन्महिने विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवीत होते. विधिमंडळात रिपब्लिकनांचे बहुमत, गव्हर्नर केटी हॉब्स डेमोक्रॅट. दोघांचे सूर जुळणे दुर्मिळ. तरी अखेर तडजोड झाली आणि ९ फेब्रुवारी २०२४ रोजी गव्हर्नरांची सही झाली. निकाल पक्का करण्याच्या तारखा अलीकडे ओढल्या. सहीचा घोळ मिटवावयाच्या मुदतीत शनिवार-रविवारही धरले. म्हणजे कचेरीतल्या कारकुनांची सुट्टी गेली! पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूकही ६ ऑगस्टवरून ३० जुलैला आणली, कारण परदेशांतील मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी धाडाव्या लागतात आणि मध्ये फेरमोजणी आली तर त्या छापावयाच्या कधी?

नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाचे अंतर साडेपाच टक्क्यांचे पडले; फेरमोजणीची वेळच आली नाही. पण ३० जुलैने आपले काम बजावले होते. काँग्रेसच्या तिसऱ्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी यास्मिन अन्सारी यांना अवघ्या ४२ मतांनी मिळाली होती. पुन्हा मोजले, तेव्हा अंतर निघाले ३९. हे सारे ऑगस्टातच आटोपले, आणि परदेशी जाणाऱ्या मतपत्रिका नाव पक्के होऊन छापखान्यात गेल्या.