सीताफळाचा पासपोर्ट बागेतच तयार होतो

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले, सीमा ओलांडण्याचा परवाना नव्हे. फळाचा पासपोर्ट म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र.

बंदरावर सीमाशुल्क विभाग शिपिंग बिल, निर्यातदाराचा कोड, माल आणि किंमत तपासतो. कीड पाहण्याचे काम वनस्पती संगरोध (क्वारंटाईन) अधिकाऱ्यांचे. ते नमुन्याची फळे तपासून प्रमाणपत्र देतात. आयातदार देश पुन्हा तपासणी करतो. तिथे कीड सापडली तर माल परत येतो किंवा नष्ट होतो. फळमाशीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता. काही खेपांतल्या किडीचा भुर्दंड स्वच्छ बाग ठेवणाऱ्यांनाही बसला.

सीताफळात खरी अडचण पिठ्या ढेकणाची. तो डोळ्यांमधल्या खाचांत बसतो, पॅकहाऊसमध्ये ब्रशनेही पूर्ण निघत नाही. म्हणून फळे लहान असतानाच खोडाला चिकट पट्टी लावा, फांद्या जमिनीला टेकू देऊ नका. नाहीतर पट्टी असूनही पिल्ले फांदीवरून चढतात. मुंग्या या किडीला जपतात, त्यांची वारुळे मोडा. हवेत ओलावा असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारा. ही बुरशीच आहे, तिच्यात बुरशीनाशक मिसळू नका.

प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहा; कीडनाशकाच्या अंशाबद्दल विचारणा होते. कोणत्या देशाच्या काय अटी आहेत, हे निर्यातदाराला तोडणीआधीच विचारा.